दही मोडू न देणारी जीप

आम्ही दांडिया बाजारातले मोहिते. मूळ गाव साताऱ्याकडे कुठेतरी आहे म्हणतात, पण ते घरात कुणी बघितलेलं नाही. खापरपणजोबा संस्थानच्या पलटणीत होते, तेव्हापासून आम्ही बडोद्याचेच. आता पलटण नाही, घोडा नाही, पण बाबांचं अजून एकच चालू असतं, आपल्या घरात ढिलं काही नको, सगळं कसं गच्च पाहिजे, मग ते चादरीचे कोपरे असोत नाहीतर बरणीचं झाकण असो. ते झाकण मग आईला उघडत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझ्याबद्दल काय सांगू तुम्हाला, सांगण्यासारखं फार नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि मी तिन्हीकडे गप्प. बी.कॉम. झाल्यावर एका ऑफिसात फोन घ्यायची नोकरी लागली होती, तिथे फोन वाजला की मी उठून पाणी प्यायला जायचे, म्हणजे काम तेच आणि भीती पण त्याचीच. ती सोडली आणि घरी केक करायला लागले, बिनअंड्याचे, कारण आमच्याकडे गिऱ्हाईक बहुतेक गुजराती. ऑर्डर मेसेजवर येते, बोलावं लागत नाही. पोचवायला बाबा यायचे, आजोबांची जुनी जीप चालवत, आणि दारात गेल्यावर केम छो, मजामा, हे सगळं तेच करायचे, मी फक्त केक टेबलावर ठेवायचा आणि मागे उभं राहायचं. रिटायर झाल्यापासून बाबांना पण कुणीतरी बोलायला हवंच होतं, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमलं होतं.

मग केकना भेगा पडायला लागल्या. घरून निघताना चांगला असायचा आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्रीला पोचेपर्यंत खालच्या थराला भेग. मला वाटलं माझाच हात बिघडला. मी दही वाढवून बघितलं, पाक जास्त घालून बघितला, ओव्हन बदलायचा विचार केला, आणि बाबा म्हणायचे गाडीचे शॉकअप्सर गेले असतील, ते बदलले, तरी तेच. एकदा एका छोट्या मुलीच्या वाढदिवसाला केक उघडला तर मधोमध चीर. ती म्हणाली हा केक हसतोय. सगळे हसले, मी पण हसले, आणि घरी येऊन जेवले नाही. त्या दिवशी बाबा ताटावरून उठताना म्हणाले, आता ही गाडी विकूनच टाकू, तुझं काम बिघडवायला ठेवलीय काय, तू भाड्याची व्हॅन बघ. ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले, पण हात धुवायला गेले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले, नळ बंद करून. आणि मला तर काय, भाड्याची व्हॅन म्हणजे रोज नवा ड्रायव्हर, त्याला रस्ता सांगा, दारात पण आपणच बोला. दोघांनाही ती गाडी जायला नको होती आणि दोघंही तसं म्हणत नव्हतो.

विकायच्या आधी एकदा रमणभाईंना दाखवू म्हणून नेली. रमणभाई म्हणजे आमचे मेकॅनिक, आजोबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी खाली पहार घातली आणि जरा दाबली, तर अख्खी बॉडी वर उचलली गेली आणि परत खाली बसली, दात नसलेल्या माणसाने तोंड मिटावं तशी. ते म्हणाले, मोहितेभाई, जीपमध्ये खाली चेसिस, म्हणजे सांगाडा वेगळा आणि वर बॉडी वेगळी, मधे रबराचे बुश असतात, त्यावर बॉडी बसते. तुमच्या बुशचा पापड झालाय. बेनच्या केकचा दोष नाही, ही गाडी धडधडते. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, माझा हात ठीक होता.

पण खरी गोष्ट पुढेच. बुश दोन तऱ्हेचे मिळतात, रमणभाई म्हणाले, एक साधे रबराचे, मऊ, कंपनीतून यायचे तसे, आणि एक हल्लीचे कडक, लाल रंगाचे, ते वर्षानुवर्षं टिकतात, बॉडी हलत नाही. बाबा लगेच म्हणाले कडक. गच्च बसलं पाहिजे. रमणभाई म्हणाले, गच्च बसेल, पण खालची थरथर सगळी वर येईल. बाबा म्हणाले मऊ घातले तर वळणावर डुलेल, केक तीन मजल्यांचा असतो, पडला तर. रमणभाई म्हणाले ते पण खरं. घरी दोन दिवस हाच विषय. पुढच्या रविवारी गोत्रीच्या एका सोसायटीत आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नाशीचा तीन थरांचा केक द्यायचा होता आणि बाबांनी ठरवलं होतं, हा नीट पोचला तर गाडी राहील, नाहीतर नाही.

तेव्हा आई बोलली. आई एरवी गाडीच्या विषयात पडत नाही. ती म्हणाली, केकचं मला कळत नाही, पण दही लावलं की पातेलं हलवायचं नाही एवढं कळतं, डुललं तर दही नुसतं कलतं, थरथरलं तर मोडतं, पाणी सुटतं. रमणभाईंकडे दोन्ही तऱ्हेच्या जीपा असतील ने, मग दह्यालाच विचारा.

बाबा आधी हसले. गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं तेव्हा रमणभाई हसले नाहीत, त्यांच्या घरी पण दही लागतं. त्यांच्याकडे कामाला आलेल्या दोन जीपा होत्या, एक पादरा गावाकडच्या वाडीवाल्याची, तिला कडक बुश, आणि एक नागरवाड्यातल्या रिटायर सरांची, तिला रबराचे. दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं, सर तर स्वतःच आले बसायला. आईने आदल्या संध्याकाळी एकाच दुधाचं, एकाच विरजणाचं, सारख्या दोन स्टीलच्या डब्यांत दही लावलं, आणि सकाळी आम्ही निघालो. वाडीवाल्याची जीप रमणभाईंनी चालवली, त्यात आई मागे डब्याशेजारी बसली, पदर खोचून, आणि सरांच्या जीपमध्ये बाबा चालवायला, शेजारी सर आणि मागे डब्याशी मी. एकाच रस्त्याने गोत्रीपर्यंत आणि परत. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, काका, आमां शुं छे, म्हणजे यात काय आहे. बाबा म्हणाले, दही छे, परीक्षा आपे छे, परीक्षा देतंय. तो मान हलवून गेला, त्याला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

गॅरेजमध्ये येऊन झाकणं काढली. कडक बुशवालं दही वरून बरं दिसत होतं, पण कडेने पाणी सुटलेलं आणि मधे केसासारख्या भेगा, अगदी माझ्या केकला पडायच्या तशाच. रबरवालं एका बाजूला जरा चढलेलं, पण चमचा घातला तर वडी निघाली. बाबांनी दोन्ही डबे हातात घेऊन जरा कलते करून बघितले. मग म्हणाले, ठीक आहे, थोडं ढिलं चालेल. आईने माझ्याकडे बघितलं. हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकलं आम्ही.

रबराचे बुश आणायला रमणभाईंनी पार्टच्या दुकानात पाठवलं, आणि जाताना सांगितलं, नवं म्हणजे ताजं असं नसतं हं, वर्षानुवर्षं कपाटात पडून रबर मरतं, बघून घ्या. दुकानात गेलो तर नेमका बाबांना कुणीतरी जुना ओळखीचा भेटला आणि ते बाहेर गप्पांत अडकले. काउंटरवर मी एकटी. दुकानदाराने बुश पुढे टाकले. मी एक उचलला आणि अंगठ्याने दाबला. केक झाला की नाही ते मी तसंच बघते, दाबला की वर यायला पाहिजे. हा आला नाही, खळगा तसाच राहिला. मी तो बाजूला ठेवला, दुसरा दाबला, तो पण बाजूला. दुकानदार म्हणाला, बेन, हे रबर आहे, खमण ढोकळा नाही. एरवी मी पैसे देऊन निघून आले असते. पण माझ्या तोंडून निघालं, खमणच समजा भाई, दाबल्यावर फुगलं पाहिजे, हे शिळं आहे, दुसरं काढा. तो हसला, आणि आतून दुसरा खोका घेऊन आला. त्यातले मी सगळे दाबले, एकेक करून. बाबा आत आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, काका, दीकरी पक्की छे, म्हणजे मुलगी पक्की आहे. बाबा म्हणाले, कोण, ही.

रमणभाईंनी बुश बसवले आणि रविवारी केक निघाला. रमणभाईंच्या सांगण्यावरून वळणावर बाबा हळू घेत होते, इतकं हळू की एक रिक्षावाला म्हणाला, काका, वरात आहे का. बाबा म्हणाले हो, पन्नास वर्षांपूर्वीची. गोत्रीला पोचून मी खोका उघडला, आधी खालचा थर बघितला, कडेने, मागून, सगळीकडून. कुठे काही नव्हतं. त्या घरातल्या आजींनी विचारलं, रस्त्यात हलला नाही का, आणि बाबांनी श्वास घेतला, म्हणजे आता दह्याची गोष्ट सुरू होणार. पण ती मीच सांगितली, छोटी करून. बाबा मागे उभे राहिले.

आता गाडी विकायचं कुणी काढत नाही. बोलण्याचं म्हणाल तर मी अजून तशीच आहे, आत्ता तुमच्याशी बोलले एवढं महिन्यात बोलत नाही. पण मोठी ऑर्डर असली की आई आधी दही-साखर हातावर ठेवते, माझ्या, मग बाबांच्या, आणि मग बाहेर येऊन दह्याचं एक बोट जीपच्या बॉनेटला लावते. म्हणते, तिला पण लागतं ने, दह्यानेच तर तिला पास केलं. बाबा रुमालाने ते पुसायला जातात, मग राहू दे म्हणतात, आणि आम्ही निघतो.