पहिल्या नंबरचं गाणं

दवाखान्यात लस घेऊन, रडून दमलेलं बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. शेजारी कॉलेजातली एक मुलगी मोबाइलवर वर्षभरातल्या आवडत्या जपानी गाण्यांची यादी करत होती आणि तिची आई त्यात डोकावत होती.

“आई, लुडबुड नको. आजच मैत्रिणींना पाठवायचीय.”

“ते शिट्टीवालं पहिलं घाल.”

“ते नववं आहे! आणि तुला जपानीतलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणता तर येतं ना?”

“तू म्हणतेस तेव्हा शेजारच्या काकू भिंत ठोकतात!”

“ठोकू देत. पहिलं घाल.”

“पण का?”

“बाकीची तू दार लावून एकटीच ऐकतेस. ते एकच स्वयंपाकघरात येऊन लावतेस.”

मुलीनं नववं गाणं बोटानं वर सरकवलं.

“घातलं पहिलं. आज मोठ्यानं लावते. काकूंचं तू बघ.”