ठमीचे तपासलेले पेपर

नाही गं बाळ, उपकार कसले — ने सगळा गठ्ठा. पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचे चौतीस सराव पेपर आहेत, माझ्या लेकीने, ठमीने सोडवलेले. ग्रंथालयात चिठ्ठी तिनेच लावली, कुणाच्या तरी उपयोगी पडू देत म्हणून. येईलच ती कामावरून. बस त्या स्टुलावर, कापडं सरकव बाजूला — शिंप्याचं घर म्हणजे नुसता पसारा. तर तिची पद्धत सांगतो. पुस्तक आणलं की पहिलं काम काय? मागची उत्तरांची पानं टराटरा फाडायची आणि माझ्या हातात द्यायची. 'बाबा, माझ्या नजरेला पडू देऊ नका.' दर रविवारी तीन तास दार बंद — मी मशीन चालवायचो नाही, खोकला आला तर जिन्यात जायचो. मग लाल पेन घेऊन तपासायला बसायचो. मला त्यातलं काय कळतं? कप्पाळ! पण अ-ब-क-ड जुळवायला कितीसं शिक्षण लागतं? आणि चुकले तेवढे प्रश्न ती वहीत उतरवायची, येईपर्यंत सोडवायची — त्या प्रकारात पुन्हा म्हणून चुकायची नाही. भारी जिद्दीची पोर. तूही असंच कर.

काय बघतेस? कितवा प्रश्न? अकरावा — क नाही म्हणतेस? असेल बाई, नजरचूक, वय झालं आता. हाही? आणि हा?

थांब, उठू नकोस. सांगतो.

तिसऱ्या पेपरात निम्मेसुद्धा बरोबर आले नव्हते. न्हाणीघरात नळ सोडून रडत होती — नळ सोडला की बापाला ऐकू येत नाही, असं वाटतं पोरांना. मग चौथ्या पेपरात मी चार चुकांवर बरोबरची खूण केली. चारच गं! त्या दिवशी पोटभर जेवली. पुढच्याला सहा केल्या. मग — मग हातच थांबेना. शीळ घालत भांडी घासायची पोर, मला बरं वाटायचं. आणि मी झाकलेल्या चुका वहीत गेल्याच नाहीत. कशा जाणार? खऱ्या परीक्षेत नेमकं तेच आलं. दोनदा बसली, दोनदा आपटली. तर म्हणते काय, 'बाबा, येतं हो मला सगळं, घरी बघा ना किती मार्क पडतात. मीच भित्री आहे, तिथे गेलं की अवसान गळतं.' त्या भित्रेपणावर गोळ्या घेते, दीड वर्ष झालं. शिकायचं नाव टाकलं. आणि मी काय करतो? गोळीबरोबर पाण्याचा पेला भरून देतो. आज सांगू, उद्या सांगू — तोंडच उघडत नाही. लाज वाटते गं स्वतःची.

जिना वाजला बघ. ती आली. घाल ते पिशवीत, आधी घाल — आणि पाया पडतो तुझ्या, एक शब्द बोलू नकोस.

ये गं ठमे. हो, दिले की सगळे. चहा? नको, तिला घाई आहे. काय? काय म्हणालीस?

ठमी म्हणते — तूही तुझे पेपर तपासायला माझ्याकडेच आणून दे. बाबांसारखं मन लावून कुणी तपासत नाही, म्हणते.

जा तू, बाळ. जा आता.