बिघाड नसल्याचा पगार

दवाखान्यात माझ्या शेजारी दीर-भावजय नंबर लागायची वाट बघत बसली होती.

“भाऊजी, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान बंद केलंत म्हणे?”

“हो वहिनी. कंपनीत लागलो. ती आता मशीन विकतच नाही, नुसती वापरायला देते. लोक धुण्यापुरते पैसे देतात.”

“मग मशीन कुणाची?”

“कंपनीचीच. म्हणून तर टिकाऊ बनवतात. भंगार कमी, पाणी कमी. जगाचं भलं, म्हणतात.”

“आणि तुम्ही काय करता?”

“बिघडू नये म्हणून घरोघरी फिरतो. बिघडली नाही तर पूर्ण पगार. बिघडली की कापतात.”

“अहो, म्हणजे दुरुस्तीचं काम निघालं की पगार कमी?”

“तेच तर! बायको रोज विचारते, आज काही काम निघालं का? नाही म्हटलं की बिचारी हात जोडते, देवा, काहीतरी बिघडू दे.”

“तिला नीट समजावून सांगा ना!”

“आधी मला तर कळू दे.”

“भाऊजी, फोन वाजतोय तुमचा.”

“ऐकतोय.”

“मग उचला की!”

“थांबा हो. इतकी वर्षं हा वाजला की हायसं वाटायचं.”