माऊस गेला, कॉम्प्युटर राहिला

नाव: रविकुमार, वडिलांचं नाव तुळजाराम. वय: सत्तावीस. शिक्षण: इंजिनिअरिंग, पास. धंदा: ह्यावर आमच्या घरात एकमत न्हाई, म्हणून जागा मोकळी ठेवली हाय. राहणार: भालकी, पिठाच्या गिरणीच्या मागं.

आज येळवशीच्या, म्हंजे वेळ अमावस्येच्या सणाच्या, संध्याकाळी मी माझ्या पायानं ठाण्यात आलो. हेड कॉन्स्टेबल शिवगंगा मॅडमनी कन्नडात लिहू का मराठीत, असं विचारलं. मी म्हणालो मराठीत, आणि मी बोलतो तसंच. तर सांगतो की,

माझ्या खोलीतनं एक माऊस आणि एक कीबोर्ड चोरीला गेला हाय. कॉम्प्युटर गेला न्हाई. कपाटात मायच्या पाटल्या होत्या, त्या बी गेल्या न्हाईत. चोर शिकाऊ होता का, असं मॅडमनी विचारलं. मला माहीत न्हाई.

त्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालतो. तो शेअर बाजारात आपला आपण घेतो, आपला आपण विकतो. कधी घ्यायचं, कधी सोडायचं, ते त्याला आधीच लिहून दिलेलं हाय. लिहिलं मी न्हाई. नौबादच्या रामाचार्य मास्तरांची मुलगी भार्गवी हिनं लिहिलं. वर्षभर जुन्या भावांवर चालवून बघितलं, मोडलं, परत लिहिलं. पैसे दोघांचे निम्मे-निम्मे. कॉम्प्युटर माझ्याकडं, कारण तिच्या घरात शेअर म्हटलं की मास्तर जेवत न्हाईत. भार्गवी कोण, असं विचारल्यावरून सांगतो की वर्गमैत्रीण. परत विचारल्यावरून सांगतो की वर्गमैत्रीण.

तिनं मला एकच काम दिलं होतं. लाईट आणि इंटरनेट चालू हाय का बघायचं, आणि हात लावायचा न्हाई.

आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, आता शेती. आमच्यात रिकाम्या हातानं बसलेल्या माणसाला आजारी समजतेत. पहिल्या दिवशी मी खुर्चीत नुसता बसलो, तर मायनं काढा करून आणला. दुसऱ्या दिवशी अप्पा दारात उभं राहून म्हणाले, "कॉम्प्युटर काम करायलाय, तू काय करायलास?" मी म्हणालो, बघायलोय. अप्पा म्हणाले, "बघायला मी बी हाय की."

तवापासनं मी काम करायला लागलो. प्रोग्रामनं घेतलं की मला भीती वाटायची, मी विकून टाकायचो. त्यानं विकलं की वाटायचं घाई केली, मी परत घ्यायचो. बाजार उघडल्यापासनं मिटेपर्यंत माऊसची टिक-टिक. भिंतीपलीकडं अप्पा बसलेले असायचे. कुणी पाव्हण्यानं विचारलं, पोरगं काय करायलंय, तर अप्पा बोट वर करून म्हणायचे, "ऐक. उसंत न्हाई त्याला." ते मला इकडं ऐकू यायचं. बरं वाटायचं. हे लिहिलं न्हाई तरी चालंल.

बहीण जगदेवी हिच्या बाळाच्या बारशाला मी गेलो न्हाई. चष्मा लागला. मनगट सुजलं, तर पट्टा बांधून बसलो. कष्टात कसूर केली न्हाई, आणि महिन्याच्या महिन्याला तोटा आला. भार्गवी फोनवर म्हणाली, "रवी, प्रोग्रामला चुकायला तरी संधी दे. सगळ्या चुका तूच करायलास. एक दिवस येऊन तुझा माऊसच उचलून नेते." हे ती गमतीत म्हणाली होती, म्हणून संशयितात तिचं नाव लिहू नये. लिहिलं असल्यास खोडावं.

नागपंचमीला अप्पांनी मुदत घातली. येळवशीपर्यंत तोटाच येत राहिला तर कॉम्प्युटर विकायचा आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला जायचं. तिथल्या वीरभद्रप्पांशी अप्पांचं बोलणं बी झालं. भार्गवीला मी हे सांगितलं न्हाई. तिचं वर्ष त्या कॉम्प्युटरात हाय.

आज सकाळी मी म्हणालो, मुदतीचा शेवटचा दिवस हाय, बाजार चालू हाय, मी शेतात येत न्हाई. अप्पा म्हणाले, "येळवशीला घरी बसलास तर लोक म्हणतेल, ह्यांच्यात कोण मेलं. आंबिलीचा घडा तेवढा पोचीव आणि ये माघारी." मी घडा घेऊन पुढं गेलो. अप्पा कुलूप लावून मागनं आले.

शेतात कडब्याची कोप, म्हंजे खोपटी, केली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडले होते. पूजा झाल्यावर मी निघालो, तर अप्पा म्हणाले जेवून जा. भज्जी-उंडे जेवलो, निघालो. तर म्हणाले, शेजारच्या नरसिंगकाकाच्या कोपीत बोलावणं हाय, न्हाई गेलं तर वर्षभर बोलून दाखवतेत. तिथनं पुढच्या शेतात, तिथनं त्याच्या पुढच्या. मोबाईलला रेंज नव्हती. शेवटच्या कोपीत मला झोप लागली. किती वाजता, असं विचारल्यावरून सांगतो की पोट भरलेलं होतं, घड्याळ बघितलं न्हाई.

माय-अप्पा शेतातच आवरायलते, मी पुढं आलो. कुलूप जागच्या जागी. कॉम्प्युटर चालू. माऊस न्हाई, कीबोर्ड न्हाई. आणि पडद्यावरचा आजचा आकडा हिरवा.

फायदा झाला तर तक्रार कामून, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, उद्या बाजार उघडल्यावर मी काम कशानं करू?

जबाब इथवर आल्यावर अप्पा ठाण्यात आले. गिरणीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं. हातात शेतातली टोपली. वरचं फडकं काढलं तर खाली माऊस आणि कीबोर्ड. माऊसला भज्जीचा वास येत होता. कीबोर्डच्या फटीत उंड्याचा चुरा होता. अप्पा म्हणाले, "मी घेतलं बाई. न्हाईतर हे कार्टं जेवणावरनं उठून पळालं असतं. लिव्हा माझं नाव." मॅडमनी लिहिलं न्हाई.

मग अप्पांनी मला विचारलं, "काय म्हणालं आज कॉम्प्युटर?" मी सांगितलं. अप्पा बाकावर बसले.

"तू जेवायलतास तवा?"

व्हय.

"झोपलतास, तवा बी?"

व्हय.

"मग मी भिंतीला बसून रोज काय ऐकायलतो?"



मॅडमनी खात्री करायला म्हणून भार्गवीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. भार्गवी म्हणाली, "एका दिवसानं काही ठरत नाही. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, कुणीच हात लावला नाही, तर माझ्या प्रोग्रामला अक्कल आहे का नाही ते कळेल. नसली तर मीच बंद करते." अप्पा फोनवर वाकून म्हणाले, "आणि तवर हा काय करंल? रिकामा बसला तर ह्याची माय काढे पाजून मारंल त्याला. मुदत बी संपली आज." भार्गवी म्हणाली, "कसली मुदत?"

मी म्हणालो, मी काट्यावर जातो. दिवसभर तिथं असलो की हात पोचत न्हाई. कॉम्प्युटर राहू द्या. अप्पा म्हणाले, राहू दे. भार्गवी त्यावर कायतरी म्हणाली. ते रेंजमुळं ऐकू आलं न्हाई, असं लिहावं.

मग ह्या धंद्यात कष्टाचा उपयोग हाय का न्हाई, असं मॅडमनी कागद बाजूला सारून विचारलं. मी म्हणालो, हाय, पण ते भार्गवीनं आधी करून ठेवले होते. मी नंतर केले, तो उपद्रव झाला. मॅडम म्हणाल्या, "ह्याला कलम न्हाई."

माझी कुणाविरुद्ध तक्रार न्हाई. मोबाईलमधलं शेअर घ्यायचं-विकायचं ॲप बी मी सगळ्यांसमोर काढून टाकलं. माझी एकच विनंती हाय की माऊस आणि कीबोर्ड उगादीपर्यंत ठाण्यातच ठेवावेत. मॅडम म्हणाल्या, "हे ठाणं हाय, तुझ्या घरची फळी न्हाई." मग वासामुळं वेगळ्या पिशवीत घालून कपाटात ठेवले. उगादीच्या आधी मी मागायला आलो, हातापाया पडलो, तरी देऊ नयेत.

मॅडमनी सगळं मोठ्यानं वाचलं, मी आणि अप्पांनी ऐकलं. वर्गमैत्रीण दोनदा आलंय, ते तसंच राहू द्यावं. धंद्याची मोकळी जागा अप्पांनी सांगितल्याप्रमाणं भरावी: "पोरगं कामाला हाय." बाकी मी बोललो तसंच उतरलंय. वाचन चालू असताना मी टेबलावरचा पेन टिक-टिक करायलतो, तो अप्पांनी काढून घेतला. म्हणून सही टोपणाच्या पेनानं केली हाय.