मार्करचा हात

माझा जन्म दारव्ह्याचा. बा माझा छोट्या लाईनवर गँगमन होता, रुळाच्या खिट्ट्या ठोके, अन् आम्ही स्टेशनामागं राहू. काय सांगू तुले, तू चौथी शिकून माह्या घरात नांदाले आलेली हायेस, लिहून राह्यली तर लिही, पण कोणाले दाखवू नको, लोक म्हणतीन टेनिस खेळणारा मोठा लाटसाहेब लागून गेला. तर बा गेला रुळावरच, ऊन लागून, अन् मायनं मले यवतमाळले मामापाशी धाडलं. मामा साहेबायच्या क्लबात चौकीदार. छप्पन साल होतं, आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, हिंदी बोलणारे साहेब बिस्तरे बांधून गेले अन् पुण्यामुंबईकडचे आले, क्लबात कामाले माणसं कमी पडली, म्हणून मामानं मले टेनिसच्या कोर्टावर लावलं.

कोर्ट म्हणजे आपल्या आंगणासारखंच. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर ओढायचा, मंग शेणानं सारवायचं, वाळलं की चुन्याच्या रेघा. माय एकदा भेटाले आली तर पाहतच राह्यली, म्हणे, बापा, येवढं मोठं आंगण अन् एक तुळस नाही लावली कोणी.

तिथं गफ्फारचाचा मार्कर होता. मार्कर म्हणजे साहेबायसंग खेळणारा पगारी माणूस. एखाद्या साहेबाले जोडीदार नाही मिळाला की मार्कर, बाईसाहेबाले शिकायचं हाय की मार्कर, बॅटची तात तुटली की मार्कर. चाचाचं वय झालं होतं, गुडघे दुखत, त्यानं मले हाताशी घेतलं. पहिल्या दिवशी काय शिकवलं असन? बॉल कसा मारायचा ते नाही. म्हणे, साहेबाच्या बॅटपाशी बॉल टाक. कमरेच्या उंचीवर, जरासा उजवीकडं, साहेबानं एक पाऊल टाकलं पाहिजे, म्हणजे त्याले वाटते आपण पळून राह्यलो. दोन पावलं टाकाले लावशीन तर थकन, अन् थकलेला साहेब चिडते. सेट शेवटावर न्यायचा अन् थोडक्यात हारायचं. लय हारलं तर त्याले समजते. अन् हासे चाचा, म्हणे, ही कल्हईवाल्याची कारागिरी हाय बेटा, चमक त्याच्या भांड्याले, काजळी आपल्या हाताले.

मले ते लवकर जमलं. लय लवकर जमलं, इथंच बिघडलं, पण तवा कोण सांगते. साहेब लोक चाचाले सोडून मले बोलवाले लागले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मामी धुऊन देता देता म्हणे, आमचा जावई आला पाहा क्लबातून. मी ताठ चालू. पोटात कुठं काही खुपत नव्हतं.

मंग एक दिवस बडे साहेब, म्हणजे क्लबाचे मुख्य, त्यायनं मले बोलावलं. नागपूरच्या मोठ्या क्लबात पगारी खेळाडूयचे सामने ठेवले होते. काहून, की साहेब लोकायच्या सामन्यात आपल्याले उतरू देत नसत, घरचं खाऊन खेळते तो खेळाडू, खेळून खाते तो नोकर. तर हा सामना नोकरायचाच. जो जिंकन त्याले तिथं ठेवून घेणार, दिल्ली-कलकत्त्याले खेळाले नेणार. साहेब म्हणाले, तुला पाठवतो मी, नाव कळवतो, रजा देतो. तोवर रोज संध्याकाळी माझ्याशीच खेळ, तुझा सराव होईल आणि माझाही. मी पाया पडलो.

चाचाले सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. मले वाटलं, जळून राह्यला बुढा. म्हणे, साहेबासंग रोज खेळशीन? म्हणलं, हो. म्हणे, अन् रोज हारशीन? म्हणलं, तसं नाही केलं तर रजा कोण देईन चाचा? दुसऱ्या दिवशी फटफटताच त्यानं मले कोर्टावर उभं केलं. कोपऱ्यात घमेलं ठेवलं पालथं, म्हणे, याले मार. मी मारलं, ठण्ण वाजलं. त्या कोपऱ्यात ठेवलं, मारलं, ठण्ण. चाचा खूश. मंग तो दुखरे गुडघे घेऊन स्वतः जाळीच्या पलीकडं उभा राह्यला, म्हणे, मी इथं हावो, तू घमेल्याले मार. मी मारला, अन् बॉल सरळ त्याच्या बॅटवर. कमरेच्या उंचीवर, जरासा उजवीकडं. पुन्हा मारला, पुन्हा तसाच. चाचा ओरडला, अबे मले कायले देऊन राह्यला! मी म्हणलं, देत नाही चाचा, जाते. रिकाम्या कोर्टात मी वाघ, अन् समोर माणूस आला की हात त्याच्याकडं धावे, जसं ओढ्याचं पाणी उताराकडं.

रोज पहाटे आम्ही तेच करू. थोडं सुधरे, अन् संध्याकाळी बडे साहेब ते पुसून टाकत. एका संध्याकाळी मी हिंमत केली. साहेब इकडं होते, मी बॉल तिकडं मारला, दूर, रेघेच्या आत. साहेब पळाले नाहीत. चालत गेले, बॉल स्वतः उचलला, त्यायनं कधी उचलला नव्हता, रुमालानं पुसला, अन् हासून म्हणाले, नागपूरला जायचंय ना रे तुला? बस, येवढंच. लय गोड माणूस होता, मी आजबी त्याले वाईट म्हणत नाही. त्या दिवसापासून मी पुन्हा बॅटपाशी टाकाले लागलो. चाचा ओट्यावर बसून पाही, अन् मध्येच उठून आत निघून जाये.

जाताना चाचा स्टेशनावर आला. म्हणे, समोरच्याचं तोंड पाहू नको, पाय पाहू नको, तो हायेच नाही असं समज. गाडी हालली तरी तो बोलतच होता.

नागपूरले पहिला सामना जिंकलो. समोरचाच चुका करे, जाळीत मारे, मले काही करा लागलं नाही. मले वाटलं, टळलं. दुसरा एका गिरणीच्या क्लबातला होता, ठेंगणा, काळासावळा, माझ्यासारखाच सारवणारा. पहिला सेट मी घेतला. दुसऱ्यात मी पुढं. अन् तो घसरला, गुडघ्यावर पडला, बॅट हातात, पण उठता येईना. सगळं कोर्ट रिकामं. दोन गाड्या उभ्या राहतीन येवढी जागा. बॉल माझ्याकडं सावकाश आला, चाचाचा बोल आठवला, म्हणलं, तो हायेच नाही, अन् मी मारला. हातानं तो बॉल नेऊन त्या पडलेल्या माणसाच्या बॅटवर ठेवला. त्यानं बसल्या बसल्या मारला, मी पाहतच राह्यलो.

लोकायनं टाळ्या वाजवल्या. माह्यासाठी. एक बाईसाहेब म्हणे, पाहा, पडलेल्याला कसं सांभाळून घेतलं, पगारी असून किती सभ्य. त्याच्यानंतर मंग हात माझा राह्यलाच नाही. जितका जोर करू तितका नेमका त्याच्याकडं जाये. अन् हारलो कसा, तर थोडक्यात. जसं शिकवलं होतं, तसंच.

जाळीपाशी त्यानं हात हातात घेतला, हळूच म्हणे, भाऊ, तुमचे साहेब लय मोठे असतीन ना? मले रडू आलं नाही, हासू आलं.

परत आलो तर बडे साहेबायनं चहा पाजला, म्हणाले, थोडक्यात गेला रे, संध्याकाळी ये. चाचा मागच्या खोलीत तात विणून राह्यला होता. त्यानं येवढंच विचारलं, थोडक्यात? म्हणलं, हो चाचा. त्याचा हात थांबला. वर न पाहता म्हणे, माहंबी तसंच झालतं.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा आर्णीले लेकीकडं गेला, मी मार्कर झालो. आज दहाएक वर्षं होत आली. साहेब येतात, बदलून जातात. त्यायच्या लेकरायले मी शिकवतो, पहिल्या दिवशी सांगतो, माणूस नाही तिथं मार. शिकतात बिचारी, चांगली शिकतात, देव त्यायच्या हाताले यश देवो. अन् मी त्यायच्या बापासंग खेळतो.

तू परवा चुलीपाशी बसून म्हणली, तो लिंबू फेका इकडं. मी मान खाली घालून बसलो होतो, तसाच फेकला, अन् तो बरोबर तुह्या तळहातावर पडला. तू लय हासली, म्हणली, काय हात हाय बापा तुमचा. हास तू. देव तुले हासत ठेवो.