रात्र कुणाच्या वाटणीत

अनसाबाई, वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम कुंभारी, सोलापूर. तीस वर्षांहून अधिक काळ त्या बिड्या वळत आहेत. ज्या गारवेकर घराण्याबद्दल त्या बोलतात, ते कुठल्याही बखरीत किंवा दप्तरात सापडत नाही. ते त्यांनी काम करता करता तोंडी रचले आहे. बोलणे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहे.

माजं मूळ सांगू का गारवेकरांचं, ते आदी ठरवा, कारन दोनी एकदम सांगाया घेतले की माजाच गोंधळ हुतो. माजं थोडक्यात हाय. टेंभुर्नीच्या अलीकडं गाव, बाप दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला, सहा भैनी, मी चौथी. लगीन झालं आन सोलापुरात आले, मालक गिरनीत, गिरनी बंद पडली मग रिक्षा. झालं माजं मूळ. गारवेकरांचं मोठं हाय. चार पिढ्या हायत, का पाच, मदी एक पिढी मी दोनदा मोजली असं हमीदा म्हनती, तर चारच धरा.

बिडी वळताना डोळं खाली आन हात चालू, तोंड तेवढं रिकामं. शहरात हुतो तवा नरसक्काच्या दारापुढं पत्र्याचं शेड हुतं, तितं आमी बसायचो, नरसक्का, हमीदा आन मी, बाकी येऊन जाऊन दोघीतिघी. नरसक्का तेलगू, तिचा मालक चादरीच्या मागावर, हमीदाचा टेंपोवर. मांडीवर सूप, सुपात पानं आन जर्दा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा, काय सांगू तुमाला, भिजवून ठिवलेली पानं दुपारपातुर कुरकुरीत. पंखा लावावा तर जर्दा उडतो, म्हनून पंखा न्हाय. तर त्या पत्र्याखाली मी एकदा म्हनले, बायांनो, असा एक मुलूख हुता की जितं सावलीच नव्हती. नरसक्का म्हनली, त्यात काय नवं, आपन बसलोय की त्या मुलखात. हमीदा म्हनली, बोलने दे गे उसकू. तितनं सुरू झालं ते.

सांगाया लागले की माजा हात मंद पडायचा. तर आपल्या आपन एक रीत पडली, कुनी पाडली ते आठवत न्हाय, उठताना परतेकीनं आपल्या बिड्यातली एक मूठ माज्या सुपात टाकायची. नरसक्काची मूठ मोठी. हमीदाची लहान, वर म्हनायची, आज तेरी कहानी में दम नई था.

तर गारवेकरांचं मूळ. त्या मुलखात ऊन कदी मावळायचंच न्हाय. रात्र म्हनून नव्हती. झाडं हुती पन त्येंची सावली पडायची न्हाय, कशी पडंना ते इचारू नका, नरसक्कानं इचारलं तर मी दोन दिस कथा बंद ठिवली हुती. तितं हिराई म्हनून एक पोरगी वाटंवर पानी घेऊन बसायची. एक म्हातारा आला, पाठीवर गाठोडं, वजनानं पार वाकलेला. म्हनला, पोरी, एवढं धर, मी आलोच पानी पिऊन. तिनं धरलं. तो गेला तो गेलाच. गाठोड्यात सावली हुती, घडी घातलेली, नऊवारी लुगड्यासारखी. हिराईनं वरीसभर वाट बगितली, मग एक घडी उलगडली, तर खाली पाच मानसं गार बसली. तेच मूळ. पुढं सरकार म्हना, राजे म्हना, पन मुळात काय, तर कुनीतरी ठिवायला दिलेली वस्तू. ती चोरी का राखन, ह्याच्यावर आमचं हप्ताभर चाललं. हमीदा म्हनली, अमानत हाय ती. नरसक्का म्हनली, धनी आला न्हाय तर धनीन तीच. मला आजून ठरवता येत न्हाय.

आन श्रीमंती इचारू नका. कोठारात गाठोड्यातनं निगालेल्या सावल्यांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, चादरीचे असत्यात तसे. कडुलिंबाची सावली पातळ, ती आजारी मानसाला द्यायची. चिंचंची दाट, तिच्यात झोपायचं न्हाय. ढगाची धावती, ती निरोप्याला. कुनाच्या घरी लगीन असलं की हिराईकडनं मांडवभर सावली बैलगाडीतनं जायची. महालाला छप्पर नव्हतं, नुस्त्या भिंती, रोज वरून एक घडी पसरली की झालं. इनामात नदीकाठची बारा गावं, उंटांचा रस्ता, आन उडत्या पाखरांच्या पंखाखालची जमीन. आता ती जमीन सारखी हलनार, तिची मोजनी कशी करायची, म्हनून गारवेकरांनी एक तलाठी ठिवलेला, तो जल्मभर दप्तर घेऊन पळतच हुता. त्या तलाठ्यावर हमीदाचा लई जीव. त्येला पानी दे गे, म्हनायची.

मग हिराईला जुळे लेक झाले, कडूराव आन आंबटराव. आन एक लेक, ढगाई. जुळ्यांत आदी कोन जल्मला, ते मी तवा सांगितलं का न्हाय, हेच तर सगळं हाय. मला वाटतं सांगितलं. नरसक्काला वाटतं न्हाय सांगितलं. पसारा वाढला, सुना आल्या, नातवंडं आली, माज्या डोक्यात मावंना. तर आमी घरानं वाटून घेतलं. कडूरावाकडचं सगळं मी ध्यानात ठिवायचं, आंबटरावाकडचं नरसक्कानं, ढगाई सासरी गेली तिकडचं हमीदानं. जिची शाखा तिनं सांबाळायची, लग्नं, बाळंतपनं, रुसवेफुगवे. दुसरीच्या शाखेतलं मानूस तिला इचारल्याबिगर हलवायचं न्हाय. मी इचारायची, नरसक्का, आंबटरावाच्या थोरल्या सुनंचं नाव काय गं. ती म्हनायची, चंद्रव्वा, गुडगा दुकतो तिचा. आता गुडग्याचं मी कदीच सांगितलं नव्हतं, ते तिनं घरी वाढवलेलं.

त्यात आमचे मालक वारले. रिक्षा लावून चहा पीत बसले हुते, तितंच मान टाकली. तेरा दिस मी घरात. सांच्याला हमीदा माज्या दारात सूप ठिवून जायची, वळलेल्या बिड्यांनी भरलेलं, माज्या कामात खाडा पडू नये एवढंच. मी परत शेडात गेले तवा बगते तर गारवेकरांच्या मुलखात रात्र आलेली. म्हंजे बाया आपसात बोलायल्या, रात्रीचं असं आन रात्रीचं तसं. मला वाटलं मीच सांगितलं असंल, तवा माजं डोकं ठिकान्यावर कुटं हुतं. मी आपलं धरून चालले, की रात्र हे नवं वतन हाय, मुलूखभर पसरनारं, सगळ्यात मोठं, तर ते थोरल्याचंच असनार, आन थोरला कडूराव. हिराईचं नाव कोनी घेईना. मी बी इचारलं न्हाय.

पुढं थोड्याच दिसात हितं कुंभारीला घरं मिळाली. पक्की घरं, जिची ती वेगळी. शेड सुटलं, एका जागी बसनं सुटलं. म्हंजे दारं जवळ हायत, नरसक्काचं माज्या समोरच, पन जी ती आपल्या घरात वळायची आन आपल्या नातवंडांना आपल्या आपल्या शाखेचं सांगायची. अशी किती वर्सं गेली. तिकडं आंबटरावाचं काय वाढलं मला म्हाईत न्हाय, हिकडं कडूरावाचं काय झालं तिला म्हाईत न्हाय.

ह्या ईदला हमीदानं दोघींना शीरखुर्म्याला बोलावलं. बसलो, जुन्या गोष्टी निगाल्या, आन हमीदानं सहज इचारलं, क्या गे, वो रात किसकी थी. मी म्हनले कडूरावाची. नरसक्का म्हनली आंबटरावाची. मी म्हनले, थोरल्याची असती वाटनी. ती म्हनली, थोरला आंबटराव. मी म्हनले, घरानं मी काढलं, मला म्हाईत का तुला? तर ती म्हनली, तुला काय म्हाईत, तू हुतीस कुटं तवा? मला लई लागलं ते. म्हंजे माज्याच घरान्यात मी हुते कुटं? मी म्हनले, आयत्या बिळावर नागोबा हायस तू. तिनं वाटी खाली ठिवली, अर्धी तशीच, आन गेली. तवापासनं बोलनं बंद. समोरासमोर दारं, पन ती भाईर आली की मी आत. दळनाला ती उजव्या रस्त्यानं, मी डाव्या.

चार महिनं असं झालं. मग हमीदा आली, म्हनली, नरसक्काचा ल्योक आलाय तिला न्यायला, तिकडं तेलंगनात, तिला आता नीट दिसत न्हाय, घराला कुलूप घालनार, रैवारी गाडी हाय. मी म्हनले, जाऊ दे. हमीदा म्हनली, जाऊ दे म्हंजे? वो गई तो आधा खानदान गया तेरा. मी म्हनले, गेला तर गेला. पन दोन दिस माज्या हातनं एक बिडी धड वळली न्हाय. कळंना मला, राग कशाचा हाय. रात्रीचा का त्या बोलन्याचा. जी रात्रच कुटं न्हाय, ती कुनाची ह्याच्यापायी मी त्या बाईला न भेटता घालवनार?

शनवारी दुपारी गेले. नुस्तं कसं जायाचं, तिची पिठाची चाळनी माज्याकडं हुती, ती घेतली. ती लुगड्याच्या घड्या घालत बसलेली. मान वर न करता म्हनली, चाळनी ठिव तितं. मी ठिवली. मग म्हनले, रात्र आंबटरावाची कशी, तेवढं सांग, मग जा कुटं जायाचं ते.

तिनं हातातली घडी खाली ठिवली. मग म्हनली, बस. हिराई मेलेली तुला कोनी सांगितलं का न्हाय?

मी म्हनले, हिराई कदी मेली?

म्हनली, तुज्या मालकाच्या पाचव्या दिशी.

मग सांगाया लागली. तू नव्हतीस, बाया गप बसल्या, कुनाचा हात चालंना, म्हनून मी सांगाया घेतलं. मला तुज्यावानी येत न्हाय अनसा, पुढं काय करावं कळंना. कुनी मेलं की लोकं ऐकत्यात एवढं म्हाईत हुतं, तर मी हिराईला मारलं. तिच्या उशाखाली म्हाताऱ्याचं गाठोडं हुतं, ते सुटलं, आन उरलेली समदी सावली एकदम पसरली, मुलूखभर. ती पैली रात्र. बाया लई रडल्या. मग हमीदा म्हनली, हे अनसाला सांगू नका, तिच्या घरात आत्ताच एक झालंय. आज न्हाय उद्या सांगू, असं करत ऱ्हायलं ते.

मी म्हनले, मग रात्र आंबटरावाला का? ती म्हनली, तो उशाला बसलेला, तिनं त्येच्या हातात सावलीचा पदर दिला. आन कडूराव कुटं हुता? कडूराव परगावी. मी म्हनले, का परगावी? आई मरायली आन लेक परगावी?

तर नरसक्का म्हनली, कडूराव तुजा, अनसा. तू घरात बसलेली. तुला इचारल्याबिगर मी त्येला कसा आनू?

काय सांगू तुमाला, इतकी वर्सं हिराई माज्याकडं जित्ती हाय. नातवंडांना मी सांगत आले, कडूराव दर दिवाळीला आईला लुगडं धाडतो, म्हातारी महालात बसून असती, दात पडलेत पन जीब चालती. आन तिकडं समोरच्या घरात ती कवाच गेलेली. आता तिला जित्ती म्हनू का मेलेली, आन ती लुगडी कोन नेसलं इतकी वर्सं?

मी म्हनले, मग कडूरावाला कळवाया पायजे. नरसक्का म्हनली, तुजा हाय, तू कळव. मी म्हनले, गेला निरोप, निगालाय तो. ती म्हनली, कशावर बसून? मी म्हनले, उंटावर. ती म्हनली, उंटावर का, घोडं असतंय की त्येला. मी म्हनले, नरसक्का, कडूराव माजा हाय. तर हसली, चार महिन्यांत पैल्यांदा. दिवस कलंपातुर आमी दोघी त्येला आनत हुतो. आला दारात. आंबटराव पायऱ्या उतरून खाली आला, ते तिनं उतरवलं, मला वाटलं न्हाय उतरंल. दोघं भाऊ बसले. पन रात्रीचं काय ठरलं न्हाय. कडूराव म्हनतो मी थोरला, आंबटराव म्हनतो आईनं मला दिली. दोघं बी खरं बोलत्यात, त्येला काय करनार. तेवढ्यात तिचा ल्योक आला, आम्मा, जेवन करून झोप, पहाटं निगायचंय. आन ती रैवारी गेली.

तर तुमी लिवताना रात्रीच्या वाटनीचं नाव कोरं सोडा. हिराईचं बी तसंच करा, माज्या पानावर जित्ती, तिच्या पानावर मेलेली. बाकी गारवेकरांच्या सावलीत ज्या बसल्या त्या बसल्या, न्हाईत त्येंना बी बसू दे, जागा हाय.

नरसक्का तिकडं बऱ्यापैकी हाय. दिसत न्हाय पन शेजारच्या बाया गोळा करून सांगती म्हनं, तेलगूत. आन कडूराव तितंच हाय, तिच्या आंबटरावाकडं उतरलेला, मी त्येला परत बोलावलाच न्हाय. आता तो माजा, मला इचारल्याबिगर तिला हलवता येत न्हाय, म्हनून रोज दुपारी फोन येतो. कडूराव जेवला का, कडूराव देवळात येनार का. काल म्हनती, अनसा, त्येला जरा ताप आलाय असं सांगू का, बाया जांभया द्यायल्यात. मी म्हनले, ताप नको गं, त्येचं वय झालंय. खोकला आलाय म्हन.