हळदीचे दोन पंजे

मी हडपसरचीच, ताई. माहेर गाडीतळाच्या पल्याड, सासर अल्याड. आता तुमी ज्या काचेच्या इमारतींमधनं आलात ना, तिथं माझा बा कांद्याला पानी द्यायचा. आमचे हे सिनेमाची पोस्टरं चिकटवायचे. येरवड्यापासनं नारायण पेठेपर्यंत भिंती ह्यांच्याच, सायकलीच्या हँडलला खळीची बादली, कॅरेजवर पोस्टरांची गुंडाळी. पेठेतली मान्सं लई खवट. एकानं भिंतीवर लिवलं व्हतं, इथे पोस्टर लावायला अक्कल लागत नाही, न लावायला लागते. ह्यांनी वाचलं, हसले, आनि ती अक्षरं सोडून बाजूला लावलं.

तर खळ. मैद्याची खळ शिजवायची आनि तिच्यात मोरचूद घालायचा, निळा खडा असतो तो, विषारी. मोरचूद न्हाई घातला तर कागदाला कसर लागती, झुरळं लागत्यात, गाई-शेळ्या पोस्टर चाटून खात्यात. लगीन होऊन आमी हितल्याच जुन्या खोलीत आलो, पत्र्याची खोली, एका बाजूला खोक्यांच्या फळ्यांची भिंत, फटीतनं वारा. हे म्हनाले, खळ शिजव, भिंतीला पोस्टर लावतो, वारा थांबंल, पन मोरचूद इसरू नको. आता काय सांगू तुमाला, मी सतरा-अठराची पोरगी, नवी चूल, अजून तिच्यावर पयली भाकरबी झाली न्हवती. त्या चुलीवर इष कसं शिजवायचं? मी खडा राखंत पुरला. घातलास का म्हनून ह्यांनी इचारलं, मी म्हनाले, घातला. संसारातलं माझं पयलं बोलनं, आनि ते खोटं.

ह्यांनी फळ्यांवर पोस्टर लावलं. नवं कोरं, नटीचा येवढा मोठा चेहरा, हातानं रंगवल्यावानी. सासूबाई म्हनाल्या, नव्या घरात नव्या नवरीचा पंजा उठला पायजे. मी हळदीत हात बुडवून नटीच्या गालावर पंजा उठवला. तर ह्यांनीबी हात बुडवला आनि माझ्या पंजाशेजारी उठवला. बाप्ये कधी असं करत्यात का, ताई? सगळ्या बाया हसायला लागल्या. हे म्हनाले, घर काय तिच्या येकटीचं हाय?

मग दर दिवाळीला घर नवं करायचं म्हंजे त्याच भिंतीवर पोस्टराचा नवा थर. हे उरलेल्यातलं चांगलं निवडून आनायचे, खळ मी शिजवायचे, आनि त्या पयल्या दिवसापास्नं येकदाबी मोरचूद चुकवला न्हाई, येगळी चूल मांडून शिजवायचे. पन तळाचं पोस्टर माझ्या डोक्यातनं जायचं न्हाई. वरनं भिंत अशी गुळगुळीत, आनि आत, सगळ्यांच्या खाली, कसर ह्यांचा हात खात आसंल. ह्यांना सांगायला किती डाव तोंड उघडलं आनि मिटलं.

पुढं कापडावानी मोठाली छापील बोर्डं आली, भिंतींवर चिकटवायचं काम संपलं. थेटरंबी येकेक करून बंद झाली. शेतात कंपन्या आल्या. त्यातल्याच येका कंपनीत आमची सून वर्षा कॉम्प्युटरवर बसती, गुनाची हाय, माझ्याशी भांडतीबी सरळ तोंडावर. हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्साला खोल्या पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं. सामान हलवताना भिंतीचा येक कोपरा सुटला, वर्षानं बघितलं तर पापुद्र्याखाली पापुद्रा. तिनं कॉम्प्युटरवर शोधलं आनि पळत आली, आई, ह्याचा लिलाव होतो, जगातली माणसं घेतात. मी म्हनाले, भिंतीचा?

पन खरंच, ताई. मी कोंबट पान्याचं फडकं लावायचं, बांबूची कामटी घालून हळूहळू सोडवायचं, चार-दोन फाटली, पन बाकीची निघाली. उजेडच न्हाई लागलेला, तर रंग काय सांगू, काल छापल्यावानी! हा थर आमच्या पोराच्या बारशाच्या सालचा, हा सासूबाई गेल्या तवाचा. माझं अख्खं आयुष्य येकेक पदर करून माझ्याच हातात येत व्हतं. वर्षा फोटो काढून लिलावाला लावायची आनि मला बाजूला बसवायची. पडद्यावर लिलाव संपायचं घड्याळ उलटं चालतंय, आनि कुटं जर्मनी, कुटं जपान, मान्सं आकडा वाढवत्यात. जिथं बर्फ पडतंय तिथला मानूस हडपसरच्या भिंतीकडं बघत बसलाय! मी पदर घेऊन नीट बसले, वर्षा म्हनाली, आई, त्यांना तुम्ही दिसत नाही. नसंल दिसत. पन बसावं नीट.

त्यातल्या येकानं इचारलं, कागदाच्या पाठीवर निळे ठिपके कसले? वर्षानं मला इचारलं. मी सांगितलं, मोरचूद, माझ्या खळीतला. तर त्यानं उलट लिवलं म्हनं, ज्या बाईनं हे घातलं तिला माझा नमस्कार सांगा, तिच्यामुळं हा कागद जगला. वर्षा हसत वाचत व्हती, आनि मला रडू फुटलं. मग तिला सगळं सांगितलं, खडा पुरलेला, खोटं बोललेलं, तळाचे पंजे. तिनं फडकं हातातनं घेतलं आनि म्हनाली, मग शेवटचं आपण दोघी काढू, पाणी न लावता.

पंजांवरचा शेवटचा थर निघाला. खाली भुगा, ताई. नटीचे डोळे गेले, केस गेले, नाव गेलं, सगळी चाळन. वर्षानं फुंकर मारली, भुगा उडाला, आनि मदी दोन पंजे, पिवळे, अख्खे. बोटान् बोट. जिथवर हळद, तिथवर कसरीनं तोंड लावलं न्हवतं. कडंला कुरतडत आली आनि माघारी फिरली. ह्यांच्या आंगठ्याला जुनी चीर व्हती, तीबी तशीच. मी माझा हात माझ्या पंजावर ठेवला, हात आता मोठा झालाय, बसला न्हाई. मग ह्यांच्यावर ठेवला. आनि म्हनाले, अवो, मोरचूद घातला न्हवता मी.

आता त्या पंजांच्या फळीला काच बसवलीया, हितं नव्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर, देवघराशेजारी. त्या नमस्कारवाल्यानं इचारलं व्हतं, तळाला काय निघालं, मी घेतो. वर्षाला सांगितलं, लिव त्याला, ते घर हाय, घर लिलावात न्हाई. पन त्याच्याकडं गेलेली पोस्टरं त्यानं सांभाळावीत, त्याच्या भिंतीला कसर न लागो. चला, च्या घ्या, निवला.